कडीसह दाराची संपूर्ण पाहणी

मी फक्त एक कडी मागितली होती. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण हल्ली आमच्या गल्लीत माझ्याबद्दल काय काय बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. परवा दूधवाल्याने समोरच्या नव्या बिऱ्हाडाला माझी ओळख 'शाळेचं दार नेणारे ते हेच' अशी करून दिली. बिऱ्हाडाने मला हसून नमस्कार केला आणि आत जाऊन आपलं दार लावून घेतलं. दाराला आतून कडी घातल्याचा आवाजही आला. लोकांच्या घरी किती सहज असते बघा.

तर सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून झाली. आमची मुलगी सहावीत. रोज सकाळी तिची आई बाटली भरून दप्तरात घालायची आणि संध्याकाळी ती बाटली जशी गेली तशी परत यायची. बायकोला आधी वाटलं, बाटलीला वास येत असेल. म्हणून बाटली बदलली. मग वाटलं, रंग आवडला नसेल. पुन्हा बदलली. मी माझ्या परीने पाण्याचं महत्त्व या विषयावर जेवताना तीन-चार वेळा बोललो. मुलगी मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी भरलेली बाटली परत आणायची. शेवटी एका आठवड्यात तिला ताप आला, पोटात दुखायला लागलं, लघवीला जळजळ व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "गोळ्यांनी आत्ता बरं वाटेल. पण ही दिवसभर पाणी प्यायली नाही तर हे पुन्हा पुन्हा होणार, आणि मग किडनीपर्यंत जाणार."

घरी आल्यावर आईने जवळ घेऊन विचारलं तेव्हा कुठे खरं बाहेर आलं.

"पाणी प्यायलं की जावं लागतं," मुलगी म्हणाली. "आणि तिथल्या दाराला कडी नाहीये. आतून हाताने धरून ठेवावं लागतं. बसलं की माझा हात पुरत नाही."

मला माझी सगळी भाषणं आठवली आणि फार लाज वाटली. एवढी मोठी गोष्ट पोरीने चार महिने पोटात ठेवली होती, आणि मी तिला मानवी शरीरात पाण्याचं प्रमाण किती ते सांगत होतो.

"उद्या जातो आणि लावून येतो," मी म्हणालो. "एक कडी, चार स्क्रू. पाच मिनिटांचं काम."

"बाथरूममधला टॉवेलचा दांडा अडीच वर्षं लावायचा राहिलाय," बायको म्हणाली.

"तो घरचा. हे काम वेगळं," मी म्हणालो, आणि त्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून चांगली जाडजूड कडी घेऊन आलो.

सकाळी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाई भल्या बाई. त्यांनी मला बसायला सांगितलं, कडी हातात घेऊन पाहिली, मागेपुढे सरकवून पाहिली, आणि परत देताना एखादं दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं तशी दिली.

"लावता येणार नाही हो," त्या म्हणाल्या. "इमारत शाळा मंडळाची. इथे आम्हाला खिळा ठोकायचाही अधिकार नाही. मागे मी कॅलेंडरसाठी एक ठोकला होता तर मंडळाने खुलासा मागितला. तेव्हापासून कॅलेंडर मी टेबलावर आडवं ठेवते."

त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. त्यात याच कडीसाठी त्यांनी मंडळाला लिहिलेली अकरा पत्रं होती. अकराव्या पत्रातली भाषा इतकी थकलेली होती की मलाच वाईट वाटलं. मी म्हणालो, "बाई, काळजी करू नका. मी बघतो."

आता मी हे का म्हणालो, तर मी विमा कंपनीत दावे विभागात एकवीस वर्षं काढली आहेत. लोकांचे दावे अपुऱ्या कागदांमुळे परत पाठवणं हे माझं काम. त्यामुळे कागद पुरा असेल तर जगात काहीही अडत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे जे काही झालं ते या समजुतीमुळे झालं. बायकोने त्या दिवशी "सुट्टीच्या दिवशी गुपचूप जाऊन लावून या" असं म्हटलं होतं. मी तिला म्हणालो की आपण सभ्य माणसं आहोत.

आमच्या वरच्या मजल्यावर नियमकाका राहतात. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेत, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. जिन्यात भेटले तरी ते डाव्या बाजूने चालतात. त्यांच्या कानावर कडीची बातमी गेली आणि अर्ध्या तासात ते 'शाळा मंडळाचे अधिकार व कर्तव्ये' नावाची पिवळी पुस्तिका घेऊन खाली आले.

"अधिकार छत्तीस पानं," त्यांनी पानं उलटत सांगितलं. "कर्तव्यं दीड पान. त्यातलं अर्धं शुद्धिपत्र."

मी वाचून पाहिलं. मंडळाला शाळा उघडण्याचा अधिकार होता, बंद करण्याचा होता, दोन शाळांची एक आणि एकीच्या दोन करण्याचा होता. मुख्याध्यापक नेमण्याचा, हलवण्याचा, गणवेशाचा रंग आणि मोज्यांची लांबी ठरवण्याचाही होता. कर्तव्यांमध्ये पहिलं, मंडळाने दरमहा सभा घ्यावी. दुसरं, सभेची टिपणं ठेवावीत. तिसरं, विद्यार्थ्यांच्या सोयीकडे यथाशक्ती लक्ष द्यावं. 'यथाशक्ती'खाली नियमकाकांनी पेन्सिलने रेघ मारली होती.

"इथे मेख आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्यांची शक्ती वाढवा."

मंडळाच्या कचेरीत मी अर्ज घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "नवीन कडी की कडीची दुरुस्ती?" मी म्हणालो, काय सोपं पडेल ते. दुरुस्ती सोपी, पण त्यासाठी जुनी कडी जमा करावी लागते. जुनी कडी नाहीच आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग ती हरवल्याचा दाखला आणा. ती कधी नव्हतीच म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. कधीच नसलेल्या वस्तूसाठी त्यांच्याकडे फॉर्म नव्हता. शिवाय मंजूर वस्तूंच्या यादीत कडी होती, पण बाहेरून लावायची. मंडळाच्या मालमत्तेचं रक्षण दार बाहेरून बंद करून होतं; आतून बंद करून कुणाचं रक्षण होतं, असं त्याने मला विचारलं.

"मुलींचं," मी म्हणालो.

"ते मालमत्तेत येत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तिरकसपणा अजिबात नव्हता. दावे विभागात मीही याच आवाजात बोलतो, हे ध्यानात येऊन मला किंचित अस्वस्थ वाटलं. त्याने मला मासिक सभेत पालक म्हणून तीन मिनिटं बोलण्याची वेळ लिहून दिली.

सभेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. लांब टेबलाभोवती नऊ खुर्च्या, त्यातल्या आठ भरलेल्या, मध्ये अध्यक्ष. अध्यक्षांचा आवाज गोड होता आणि ते कुणाचंही म्हणणं ऐकताना डोळे मिटत. मी तीन मिनिटांत सगळं सांगितलं. बाटली, ताप, डॉक्टरीणबाई, पोरीचा न पुरणारा हात. सभा गंभीर झाली आणि मग चर्चा सुरू झाली. कडी हा इमारतीचा विषय, आरोग्याचा की शिस्तीचा, यावर पाऊण तास गेला. शिस्त बघणारे एक जाडे सदस्य म्हणाले, "उद्या परीक्षेच्या दिवशी एखादी मुलगी आत जाऊन कडी लावून बसली आणि बाहेरच आली नाही, तर जबाबदार कोण?" हा मुद्दा सर्वांना फार महत्त्वाचा वाटला.

मी नियमकाकांची पुस्तिका उघडून तिसरं कर्तव्य मोठ्याने वाचून दाखवलं. अध्यक्षांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नवव्या खुर्चीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पालक प्रतिनिधीची जागा दोन वर्षं रिकामी आहे. इतका अभ्यासू माणूस बाहेर का ठेवायचा?"

अशा रीतीने मी अर्जदार म्हणून उभा राहिलो आणि सदस्य म्हणून खाली बसलो. आता वाटतं, आपल्याला गप्प करण्याची ती युक्ती होती. तेव्हा तसं वाटलं नाही. मला इमारत उपसमिती मिळाली. उपसमितीत मी एकटाच होतो, पण मंडळाचं चिन्ह छापलेलं लेटरपॅड मिळालं, आणि कचेरीतला तोच कारकून मला बघून खुर्चीतून अर्धा उठला. माणूस एकवीस वर्षं नोकरी करतो तरी त्याला बघून कुणी पाव इंचही उठत नाही. मी घरी आलो तो जरा वेगळ्या चालीने आलो असावा, कारण बायकोने पाय दुखतोय का म्हणून विचारलं.

"कडी लागली का?" मुलीने विचारलं.

"आता लागल्यातच जमा," मी म्हणालो. "तुझे बाबा आता मंडळात आहेत."

तिने हे वर्गात सांगितलं. ते तिने सांगायला नको होतं.

पुढच्या सभेला महिना होता. तेवढ्या काळात मी आणि नियमकाकांनी ठराव तयार केला. नुसता 'कडी बसवावी' असा ठराव मी पाच ओळींत लिहिला होता. नियमकाकांनी तो वाचून मान हलवली. उद्या कुणी म्हणेल, दार कमकुवत आहे, कडीचा भार सोसणार नाही. कुणी म्हणेल चौकट वाकडी आहे. ठराव असा हवा की आक्षेपाला जागाच राहू नये. दावे विभागातल्या माणसाला हे लगेच पटतं. आम्ही दोघांनी डोकं चालवून शेवटी वाक्य केलं ते असं: 'कडीसह दाराची संपूर्ण पाहणी होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी.' मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा नियमकाकांचे डोळे पाणावले. बायको म्हणाली, "यात कडी बसवा असं कुठे आहे?" मी म्हणालो, "'योग्य ती कार्यवाही'मध्ये."

ठराव एकमताने संमत झाला. टाळ्या वाजल्या. शिस्तवाल्या सदस्यांनीही वाजवल्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मुलगी घरी आली, दप्तर ठेवलं आणि दारातच उभी राहिली.

"बाबा, दार नेलं."

"कुणी?"

"दोन माणसं आली हातगाडी घेऊन. दार काढलं आणि घेऊन गेली. म्हणाली, पाहणीसाठी. कागदावर तुमची सही होती."

मी कागद मागवून पाहिला. सही माझीच होती, ठरावाखाली केलेली. संपूर्ण पाहणी मंडळाच्या भांडारातच होते, जागेवर होते ती नुसती पाहणी, असा नियम होता. पुस्तिकेत तो शुद्धिपत्रात होता. नियमकाका दोन दिवस खाली आले नाहीत.

आता काय झालं बघा. आधी दार होतं, कडी नव्हती. आता कडी माझ्या टेबलाच्या खणात होती आणि दारच नव्हतं. ज्या मुली एका हाताने दार धरून कसंबसं भागवत होत्या त्यांचंही मी बंद केलं. शाळेत साडेतीनशे मुली, आणि त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक झालं की हे कुणाच्या बाबांनी केलं. माझ्या मुलीने माझ्याशी बोलणं सोडलं. ती भांडली असती तर मी भांडलो असतो. ती नुसती 'हो' आणि 'नाही' म्हणायची, आणि दप्तरात बाटलीच न्यायची नाही. आईने घातली तर काढून ओट्यावर ठेवायची. डॉक्टरीणबाईंचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. दावे विभागात अशी प्रकरणं रोज येतात, आणि ती सुरुवातीला अशीच बारीक असतात.

मी भांडारात गेलो. भांडार म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, आणि भिंतीला टेकून उभी असलेली एक्केचाळीस दारं. आमचं एक्केचाळिसावं. त्याच्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. पाहणी करणारे साहेब रजेवर होते. ते आल्यावर पहिल्या दारापासून सुरुवात करणार होते, आणि पहिल्या दाराच्या चिठ्ठीवरची तारीख वाचून मी खाली बसलो.

"मी सदस्य आहे," मी भांडारपालांना सांगितलं. "हे दार मी घेऊन जातो."

भांडारपाल वयस्कर गृहस्थ होते आणि स्वेटर विणत होते. त्यांनी विणकाम न थांबवता सांगितलं की सदस्यांना आदेश देण्याचा अधिकार आहे, वस्तूला हात लावण्याचा नाही. मी म्हणालो, मग मी आदेश देतो. ते म्हणाले, द्या, पण आदेश फक्त सभेतून देता येतो. सभा तीन आठवड्यांनी.

त्याच संध्याकाळी एक बाई घरी आल्या. त्यांच्या मुलाच्या वर्गातली खिडकीची काच फुटली होती आणि त्याचा बाक तिच्या खालीच होता. त्या अजून बोलतच होत्या, आणि मी म्हणालो, "काच माझ्या उपसमितीत येते, पण तुम्ही रीतसर अर्ज द्या. फुटलेली काच सोबत जोडा." बाई गेल्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने टॉवेलचा दांडा आणि हातोडी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून शाळेत गेलो. सदस्य म्हणून गेलो असं मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, पण खरं म्हणजे बाप म्हणून गेलो होतो आणि लपून गेलो होतो. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी जिन्याच्या आडोशाला उभा राहिलो.

दार नसलेल्या त्या चौकटीपुढे चार मुली आल्या. त्यांनी नाटकाचा एक जुना निळा पडदा उलगडला. त्याच्यावर चंद्र आणि दोन झाडं रंगवली होती. दोघींनी तो दोन टोकांनी धरला आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तिसरी कोपऱ्यावर उभी राहून इकडे फिरकणाऱ्या मुलांना हाकलत होती. चौथी रांग लावत होती. एकेक मुलगी चंद्राच्या मागे जायची आणि यायची. कुणी हसत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. सुट्टी संपेपर्यंत त्यांच्यातल्या एकीनेही डबा उघडला नाही.

पडद्याचं डावं टोक धरून माझी मुलगी उभी होती. टोक खांद्याच्या वर धरायला लागत होतं आणि ती मधूनमधून हात बदलत होती. मला पुढे जाववेना.

घंटा झाल्यावर त्या गेल्या आणि मी जवळ गेलो. चौकटीच्या बाजूला वहीचा एक कागद चिकटवला होता. वर मोठ्या अक्षरांत 'कर्तव्ये' लिहिलं होतं. खाली वार होते आणि वारांपुढे टोपणनावं. सोमवार: लंबू, चष्मेवाली, दोन वेण्या, आठवीची ताई. मंगळवारच्या चौघी वेगळ्या, बुधवारच्या वेगळ्या. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारची पहिलीच नोंद होती 'कडी'.

कडी कोण ते कळायला मला थोडा वेळ लागला. शाळेने माझ्या मुलीचं ते नाव ठेवलं होतं.

मी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. त्यात कुठेही 'अधिकार' असं सदर नव्हतं. मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि खिशातल्या लेटरपॅडचा मला भयंकर राग आला.

घरी जाताना मी तडक दुसऱ्या मजल्यावर गेलो. "काका," मी म्हणालो, "ते दार मला रविवारी हवंय. पुस्तिकेत असेल तर पुस्तिकेतून काढा, नसेल तर मी भिंत चढून आणतो." नियमकाकांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि रात्रीचं जेवण बाजूला सारून वाचत बसले. सकाळी ते खाली आले तेव्हा पुस्तिकेत बोट घालून आले.

"पान एकोणतीस. कोणत्याही मालमत्तेची स्थळपाहणी करण्याचा अधिकार प्रत्येक सदस्यास राहील."

"मग?"

"दाराचं स्थळ कोणतं?" नियमकाकांनी विचारलं. "भांडार की चौकट?"

रविवारी सकाळी आम्ही हा प्रश्न भांडारपालांपुढे ठेवला. त्यांनी पहिल्यांदाच सुया खाली ठेवल्या. बराच विचार करून ते म्हणाले, "बरोबर आहे. दार स्थळावर असल्याशिवाय त्याची स्थळपाहणी होणार कशी." त्यांनी पावती फाडली, दार हातगाडीवर चढवायला स्वतः हात लावला आणि बजावलं, "पाहणी संपली की लगेच परत आणायचं बरं का."

मी, नियमकाका, हातगाडी आणि दार असे निघालो. घरावरून जाताना मुलगी खिडकीत दिसली. पुढच्या वळणावर मागे पाहिलं तर ती चपला घालून आमच्या मागे येत होती.

दार बसवायला दोन तास लागले. बिजागऱ्या लावताना मी एकदा दार उलटं लावलं आणि एकदा बोट चेपलं. शाळेचे शिपाईमामा बाजूला उभे होते. मंडळाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी दोन्ही हात मागे बांधले होते, पण तोंडाने "जरा डावीकडे, अजून डावीकडे" असं सांगत होते. मुलगी स्क्रू हातात देत होती. शेवटी कडी बसली. चार स्क्रू. मी आत गेलो, दार ओढलं आणि कडी सरकवली. खट्ट असा इतका सुरेख आवाज झाला की मला भरून आलं.

मग कडी उघडेना.

मी जोर लावला. ती जागची हलेना. दार आपल्या वजनाने खाली बसलं होतं आणि कडी भोकात घट्ट आवळली गेली होती. मी आतून धक्के मारले, बाहेरून नियमकाकांनी मारले.

"मामा, मोडा दार," मी ओरडलो.

"मंडळाचं आहे साहेब," शिपाईमामा बाहेरून म्हणाले. "इमारत समितीची परवानगी लागेल."

"इमारत समिती मीच आहे."

"मग लेखी द्या."

शाळा मंडळाचा सन्माननीय सदस्य, मुलींच्या स्वच्छतागृहात, भिंतीला लेटरपॅड लावून, स्वतःची सुटका करण्याची परवानगी लिहितो आहे, हे दृश्य कुणी पाहिलं नाही एवढीच देवाची कृपा. कागद दाराखालून सरकवला. मामांनी तो वाचला आणि परत सरकवला. जावक क्रमांक राहिला होता. नियमकाका बाहेरून म्हणाले की या मुद्द्यावर मामांची बाजू भक्कम आहे.

दुसरा कागदही परत आला आणि मी तिसरा लिहीत होतो. तेवढ्यात दाराच्या फटीशी मुलीचा आवाज आला, अगदी हळू.

"बाबा, मूठ धरून दार वर उचला. उचलून धरा. आता कडी सरकवा. हे दार पहिल्यापासून असंच आहे."

मी दार उचललं. कडी लोण्यासारखी सरकली. दार उघडलं तेव्हा तिन्ही कागद हातात घेऊन, केसांत जळमटं घेऊन मी बाहेर आलो, आणि मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. पोट धरून हसली, भिंतीला टेकून हसली. कित्येक दिवसांनी हसत होती. शिपाईमामांनी मागे बांधलेले हात सोडले, मला बाजूला केलं आणि बिजागरीखाली पातळ फळीचा तुकडा सारून दार सरळ केलं. नियमकाकांनी त्या वेळी पाठ फिरवली होती. आपण काही पाहिलं नाही, असं त्यांनी पुढे तीन वेळा सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी मुलगी शाळेतून आली. तिने दप्तर उघडलं, बाटली काढली आणि ओट्यावर ठेवली. बायकोने ती उचलली. मग तिने झाकण काढून बाटली उलटी धरली. एक थेंब पडला. आम्ही तिघंही त्या थेंबाकडे बघत होतो. मुलगी म्हणाली, "काय झालं? संपलं पाणी." आणि खेळायला गेली.

नोटीस बुधवारी आली. सदर दार कोणत्या अधिकाराने चौकटीला लावण्यात आले याचा खुलासा इमारत उपसमितीने करावा. म्हणजे मीच. सोबत भांडाराचं पत्र, की पाहणी संपली असल्यास दार परत करावं. मी नियमकाकांना न विचारता उत्तर लिहिलं. त्याला पुरावा म्हणून जोडायला मी शाळेतून तो 'कर्तव्ये' लिहिलेला कागद आणायला गेलो. पडदा गेला होता, पण कागद तिथेच होता. शनिवारच्या खाली पेन्सिलने, माझ्या ओळखीच्या अक्षरात, एक नवीन ओळ घातली होती: 'रविवार: कडीचे बाबा'. मग तो कागद मला काढवला नाही. मी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि घरी आलो.

येताना वाटेत काचवाल्याला माप घ्यायला माणूस पाठवायला सांगून आलो. फुटलेल्या काचेच्या बाईंचा अर्ज अजून आलेला नाही, आणि येईपर्यंत थांबायचं काही कारण मला दिसलं नाही. टॉवेलचा दांडाही लावला. जरा तिरका झालाय, पण टॉवेल राहतो.

मंडळाला मी दर महिन्याला एकाच ओळीचं उत्तर पाठवतो, जावक क्रमांकासकट: 'दाराची पाहणी अद्याप चालू आहे.' ते खोटं नाही. रोज संध्याकाळी मुलगी आली की मी ती बाटली हातात घेतो, झाकण काढतो आणि उलटी धरून बघतो. गेल्या आठवड्यात बायकोने मोठी बाटली आणली.